टॉवर दिसतो, पण नेट घरात येत नाही



सुरुवातीला जरा हात वर करा. मोबाईल कुणाकडे आहे? सगळ्यांकडे. आता ज्यांच्या घरात वायरचं ब्रॉडबँड आहे, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती खाली गेले. मला आज जे सांगायचंय, ते या खाली गेलेल्या हातांबद्दल आहे.

2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, हे खरं. पण जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि रिचार्ज भरताना आपण करणार काय? शिवाय मोबाईलचं नेट त्या टॉवरखालचे सगळे वाटून घेतात. हाजी सय्याह यांच्या उरुसाला गर्दीत फोन काढून बघा. दांड्या पूर्ण दिसतात, व्हिडिओ मात्र फिरत राहतो. फायबरचं तसं नसतं. एका वायरवर अख्ख्या घराचा अभ्यास चालतो, आणि रोजचे दीड जीबी संपले म्हणून कुणाचा क्लास अर्ध्यावर थांबत नाही.

आपल्या घरांत बहुतेक एकच चांगला फोन. तो सकाळी अब्बांबरोबर गॅरेजला नाहीतर शेतावर जातो. मग भावाकडे. बहिणीच्या हाती येतो तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात 33 टक्के निघाल्या, पुरुष 57 टक्के. ग्रामीण भागात स्त्रिया साधारण 25 टक्के. हे फक्त टॉवरचं दुखणं नाही.

केरळची फहीमा शिरीन माहीत आहे का? कॉलेजची विद्यार्थिनी. वसतिगृहात संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेत मुलींनी फोन जमा करायचे, असा नियम होता. तिनं नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला: इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. एका मुस्लिम मुलीनं मिळवलेला हा निकाल आपल्या मोहल्ल्यांत वाचला जायला हवा. आपल्याकडे तर वसतिगृहाचं कामच अनेकदा घर करतं, ‘पोरगी बिघडेल’ म्हणून.

आता सरकारी वायरीकडे. 25 ऑक्टोबर 2011 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावानं झालं. ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित कार्यक्रमाला 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले. या सगळ्यासाठी टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के आकारणी कापली जाते, म्हणजे फिरून तो पैसा आपल्याच रिचार्जचा. आणि पुष्कळ गावांत दिसतं काय? पंचायतीच्या कोपऱ्यात पेटी, तिच्यावर धूळ. वीजबिल थकलेलं, किंवा रस्ता रुंद करताना जेसीबीनं वायर तोडलेली. पंचायतीपर्यंत वायर आली तरी तिथून घरापर्यंतचं शेवटचं अंतर कोण जोडणार, हे कुणी विचारतच नाही.

जून 2025 मध्ये वक्फ मालमत्तांसाठी उम्मीद पोर्टल आलं. सहा महिन्यांत सगळ्या नोंदी चढवायच्या! मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दू मुंतखब, जुने, फाटके. ते स्कॅन करून मोबाईलच्या नेटवर चढवणाऱ्या मुतवल्लींना विचारा ब्रॉडबँड म्हणजे काय ते. कब्रस्तानाच्या जमिनीची नोंदसुद्धा आता अपलोडवर अडते.

एक रस्ता आहे, पीएम-वाणी. 9 डिसेंबर 2020 ला मंजूर झालेली योजना. किराणा दुकानदार, चहावाला, वाचनालय, कुणीही आपल्या जोडणीवरून लोकांना स्वस्तात वायफाय विकू शकतो. परवाना नको, नोंदणी नको, फी नको. 2018 च्या दूरसंचार धोरणात 2022 पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं उद्दिष्ट होतं. पीएम-वाणीचे हॉटस्पॉट मात्र काही लाखांतच राहिले. का? चहावाल्याला साधी घरगुती जोडणी देण्याऐवजी कंपन्या महागडी लीज्ड लाईन घ्यायला लावत होत्या. जून 2025 मध्ये ट्रायनं आदेश काढला: 200 एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीला अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. आता हिशेब बसू शकतो.

फक्त जागा नीट निवडा. मशिदीच्या दारात राऊटर लावला तर तिथं पोरं बसतील. मुली कुठं बसणार? उर्दू शाळेची खोली शाळा सुटल्यावर मिळवा, नाहीतर वाचनालयात मुलींसाठी वेळ ठरवून घ्या. खालाजान, आपा, कुणीतरी दोन तास तिथं बसेल. आणि हे फक्त आपल्याच पोरींसाठी नको. शेजारच्या मातंग वस्तीतल्या पोरीकडेही फोन रात्री दहालाच येतो.

कुरुळा, पेठवडज, बारूळकडून आलेल्यांना एक काम देतो. येत्या ग्रामसभेत लेखी विचारा: भारतनेटची पेटी कुठं आहे, शेवटची कधी चालू होती, बिल कुणाच्या नावावर, आणि शाळेला, अंगणवाडीला जोडणी दिली का. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज, फी 10 रुपये. मसुदा मी आणलाय, तो झेरॉक्स करून घ्या. अर्जावर सही मात्र एकट्याची नको; घरातल्या बहिणीचीही घ्या.