गोदाम बांधण्याआधी ठेकेदार पारखा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या नागपूरकडची काळी माती फुगते, आणि वैशाखात ती अशी भेगाळते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. कपाशीला ही माती मानवते. इमारतीला मात्र ती स्वस्थ बसू देत नाही. आज मला गोदामाविषयी बोलायचे आहे, आणि ते बोलणे या मातीपासूनच सुरू करावे लागते.

१९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. माल वखारीत ठेवावा, पावतीवर कर्ज घ्यावे, भाव आला की विकावा, ही सोय तेव्हापासूनची. पण वखार दूर आणि तूर आपल्या अंगणात, ही अडचण उरलीच. म्हणून मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने गावच्या सहकारी सोसायट्यांनीच गोदामे बांधावीत अशी योजना मंजूर केली. अमरावती जिल्ह्यात नेरपिंगळाईच्या सोसायटीच्या ३,००० टनांच्या गोदामाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. ३,००० टन म्हणजे ५० किलोची ६०,००० पोती! हा भार पेलणारी फरशी कोणाच्या हातून करून घ्यायची? वाडी-बुटीबोरीकडे गोदामे बांधणाऱ्या कंपन्यांपाशी इंजिनिअर असतात. सोसायटीपाशी असतो गावचा शिक्षक, नाही तर माझ्यासारखा शहरात शिकवणारा गावकरी.

माझ्याच गावची गोष्ट सांगतो. सोसायटीने लहानसे गोदाम काढले. तीन ठेकेदारांचे दर आले. मी एम.ए. झालेला, म्हणून कागद वाचायला मला बसवले. मी शेवटची बेरीज पाहिली आणि सर्वांत कमी दराच्या कागदावर बोट ठेवले. दुसऱ्याच पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरप्या भेगा गेल्या, फरशी उचलली आणि खालच्या थरातल्या तुरीला ओल लागली. एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, “भाऊ, आकडा तं तुमी बराबर वाचला, पन माती कोनी नाई पाह्यली.” ते रागावले नव्हते. पण त्या ढिगात त्यांचीही पोती होती.

तेव्हापासून मी एवढेच सांगत आलो आहे: आधी माणूस पारखा, मग दर उघडा. यासाठी दोन लिफाफ्यांची रीत आहे. पहिल्यात ठेकेदाराचे केलेले काम, माणसे आणि यंत्रे यांची माहिती, दुसऱ्यात दर. पहिल्यात जो उतरला नाही, त्याचा दुसरा लिफाफा फोडायचाच नाही. मात्र या अटी निविदेत आधीच लिहिलेल्या हव्यात. मागाहून सुचलेली अट म्हणजे वशिला! अर्थ मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये काही ठराविक सरकारी बांधकामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली आहे.

आता पारख कशी करायची? त्याने काळ्या मातीत बांधलेले, दोन-तीन पावसाळे पाहिलेले गोदाम दाखव म्हणा. ते भर श्रावणात पाहा, आणि ठेकेदाराला बरोबर नेऊ नका. तिथल्या गोदामरक्षकाला विचारा: पत्रा कुठे गळतो? फरशी कुठे खचली? बोलावल्यावर ठेकेदार दुरुस्तीला आला का?

दुसरे, जागेवर खड्डे घेऊन मातीची तपासणी झाल्यावाचून जो दर सांगतो, त्याला चहा पाजून निरोप द्या. मुरूम जवळ लागला तर पाया तिथवर न्यावा. काळी माती खोल असेल, तर बुडाशी फुगीर असे खांब जमिनीत उतरवण्याची पद्धत आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तिच्यावर मोठे काम केले आहे. हा शब्द ठेकेदाराने निदान ऐकलेला असावा!

तिसरे, पाण्याचे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ते पाणी कोण आणणार, हे करारातच लिहून घ्या. काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घेण्याची अटही घाला.

चौथे, पैशाचे. जेवढे काम मोजून वहीत लिहिले गेले, तेवढ्याचेच बिल द्यायचे. आणि थोडी रक्कम निदान एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत सोसायटीच्या हाती राहू द्यायची. चांगला ठेकेदार याला नाही म्हणत नाही. त्याचे रास्त बिल मात्र वेळेवर द्या. अडलेला ठेकेदार सिमेंटमध्येच काटकसर करतो.

शिक्षक मित्रांनो, शेवटची विनंती तुम्हांला. गावात करारनामा आला की तो चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा. शेवटच्या बेरजेपासून सुरुवात करू नका. पायाच्या कलमापासून करा. मी तसे केले असते, तर त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची तूर कोरडी राहिली असती.