कर्नल, कॅश आणि राहून गेलेली एक गोष्ट



माझी ओळख आत्ता 'सॉफ्टवेअर इंजिनीअर' अशी करून दिली. पण मला बोलायचं आहे ते आपल्या इंग्रजीच्या तासाबद्दल.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. घाटंजीत ते कानावर पडायचं क्रिकेटच्या कॉमेंटरीत. बाकीचे शब्द पुस्तकातच भेटायचे. आठवीत सरांनी आपल्यातल्या एकाला धडा वाचायला उभं केलं. सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल असा शब्द आला. त्याने अक्षरं जुळवून वाचलं, "कोलोनेल." वर्ग खो-खो हसला. सर म्हणाले, "अरे, कर्नल! वेंगसरकरला म्हणतात नाही का, तेच!" पुन्हा हशा. पहिल्या बाकावरून मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. त्यानंतर तो कधी वाचायला उभा राहिला नाही.

पुढे इंजिनीअर होऊन पुण्यात नोकरीला लागले. एका मीटिंगमध्ये सी-ए-सी-एच-ई हा शब्द मी 'कॅचे' असा उच्चारला. अर्थ पक्का ठाऊक होता: वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा, गॅसजवळच्या मिसळणाच्या डब्यासारखी. उच्चार मात्र 'कॅश', रोख पैशासारखाच. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ 'लपवणे'. सगळे हसले. नंतर कित्येक महिने उत्तर येत असूनही मी गप्प बसायचे. तेव्हा आठवीतला तो तास आठवला.

मग मी 'कर्नल'चं मूळ शोधलं. इटालियन शब्द 'कोलोनेल्लो', म्हणजे सैन्याच्या तुकडीचा प्रमुख. फ्रेंचांनी पहिल्या 'ल'चा 'र' केला. इंग्रजांनी शब्द उचलला फ्रेंचांकडून, नंतर स्पेलिंग घेतलं इटालियन वळणाचं आणि उच्चारात 'र' तसाच ठेवला. म्हणजे आपला मित्र मूळ शब्दाच्या जवळ होता!

इंग्रजांनी तरी आपले शब्द कुठे नीट उच्चारले? आपल्या मुंगसाचं त्यांनी 'माँगूस' केलं आणि यवतमाळचं 'यिओतमाळ'. त्यांना कोणी बाकावर उभं केलं नाही.

उच्चार चुकला म्हणजे बहुतेक वेळा तो शब्द माणसाने ऐकलेला नसतो, स्वतः वाचून मिळवलेला असतो. त्यात लाज कसली? आता मोबाइलवर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो. पण हसण्याच्या भीतीने बंद झालेलं तोंड मोबाइल उघडून देत नाही. म्हणून माझ्या टीममध्ये नवीन मुलगा किंवा मुलगी अडखळली, तर आम्ही आधी त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकतो. उच्चार मी नंतर, चहाच्या वेळी सांगते.

आपला तो मित्र आज या सभागृहात बसला आहे. नाव घेत नाही, त्याला कळलं असेल. बाबा रे, त्या दिवशी मी हसायला नको होतं. तीस वर्षं उशीर झाला, पण मनापासून माफी मागते. आणि जेवणानंतर या स्मरणिकेतलं एक पान तू मोठ्याने वाचावंस, एवढी विनंती. या वेळी मी पहिल्या बाकावर बसून नुसतं ऐकेन.