एकटीने पाहिलेले रान आणि किनारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवी शिकलेली; चार माणसांत बोलायची सवय नाही. पण मार्गशीर्षात तीन दिवस एकटी जाऊन मी फणसाडच्या रानाचे आणि हरिहरेश्वरच्या किनाऱ्याचे फोटो काढून आले. तेव्हापासून जी ती विचारते, “बरोबर कोण होते?” म्हणून कार्यवाहबाई म्हणाल्या, सर्वांना एकदाच सांगून टाका!

बरोबर कोणी नव्हते. घरच्यांबरोबर हरिहरेश्वर मी दोनदा केले होते. दर्शन झाले, की गाडीची घाई. फोटोत सगळे ओळीने उभे आणि मागे समुद्र बोटभर. एकाच ठिकाणी अर्धा तास पाहत राहावे, तर बरोबरची माणसे खोळंबतात. २०२३ साली एस.टी.ने बायकांना भाड्यात निम्मी सवलत दिली, तेव्हापासून जायचे मनात होते. सासूबाईंना काळजी वाटणारच. गाड्यांच्या वेळा व मुक्कामाचे पत्ते कागदावर लिहून त्यांच्यापाशी ठेवले आणि रोज दिवेलागणीला फोन करीन, असे कबूल केले. मग त्यांनीच वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. एकटी गेले, तरी रानात गावचा वाटाड्या घेतला. तेवढी शिस्त हवीच. तेथे गारंबीच्या जाड वेली झाडांवरून लोंबतात. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, म्हणजे मोठी तांबूस खार, मला पाहायची होती. पाऊण तास गप्प बसले, तेव्हा ती फांदीवर आली. मागे उजळ आकाश असले, की ती नुसती काळी दिसते. म्हणून ती हिरव्या पानांसमोर येईपर्यंत थांबले. रानात उजेड कमी, हात हलला की फोटो पुसट होतो. मोबाईल झाडाच्या खोडाला टेकवून धरावा.

पुढे आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघी आणि श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर. तेथली प्रदक्षिणेची वाट डोंगर उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. भरतीला त्या वाटेवर पाऊल टाकू नये. लाटेने माणसे ओढून नेलेली आहेत. कोकणात हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ. मी गेले त्या दिवशी दशमी, म्हणजे भरती साडेसातच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, दीडच्या आसपास. हा अंदाजच; म्हणून मंदिरापाशी व कोळ्यांना विचारून मगच बारानंतर उतरले. डोक्यावरचे ऊन फोटोला चांगले नसते, पण तेथे वेळ समुद्राने ठरवायची, आपण नाही. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. काळा खडक आणि पांढरा फेस एकत्र घेताना मोबाईलवर उजेड थोडा कमी करावा, नाहीतर फेसाचा नुसता पांढरा डाग उमटतो. खारे तुषार भिंगावर बसतात. ते पुसायला जुन्या मऊ पातळाचा तुकडा जवळ ठेवावा.

काहीजणी म्हणाल्या, “बाईमाणसाला हा नाद कशाला?” होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा. त्या साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून हिंडत आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढीत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आपला मोबाईल तर पिशवीच्या कप्प्यात मावतो.

मैत्रिणींनो, घरात आपला वेळ सर्वांचा असतो, आणि तो आपण आनंदाने देतो. पण रान आणि समुद्र थांबणाऱ्यालाच दिसतात, आणि पोटभर थांबायचे तर कधीतरी एकटीनेच जावे लागते. प्रथम जवळच, एका दिवसाचे जा. घरी सांगून, तिथी पाहून जा.

फोटो बाहेरच्या फळ्यावर लावले आहेत. त्यांत मी कोठेच नाही. शेजारची छोटी म्हणाली, “काकू, तुम्ही गेलाच नव्हता!” तुम्ही पाहा आणि तिला काय सांगायचे ते ठरवा.