दवाखान्याचें दप्तर आणि तृतीयपंथी माणूस
(एका सभेंत झालेलें भाषण)



गांवच्या दप्तरांत नांव नसलें म्हणजे काय होतें, हें शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. कसणारा एक व उताऱ्यावर दुसराच, असें झालें कीं हातचें शेत जातें. उलट, दप्तर वैऱ्याच्या हातीं पडलें म्हणजे लिहिलेलें नांवच गळ्याचा फांस होतें. या दोन्ही गोष्टी मनांत ठेवून आज मी दवाखान्याच्या दप्तराविषयीं बोलणार आहें. आणि तेंही, ज्यांना आपण टाळी वाजवून हिणवतों, त्या तृतीयपंथी माणसांसंबंधीं.

कोणी म्हणेल, आमच्या घरीं असें कोणी नाहीं. मग हीं माणसें काय आभाळांतून पडलीं? तीं शेतकऱ्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या घरींच जन्मतात, आणि आपणच त्यांना दाराबाहेर काढतों. २०११ च्या शिरगणतींत ४,८७,८०३ माणसें स्त्री किंवा पुरुष या रकान्यांत न बसतां ‘इतर’ म्हणून मोजलीं गेलीं.

आतां रकान्याचें महत्त्व पहा. इंग्लंडांत जन्मतः मुलगी ठरलेला, पण पुरुष म्हणून जगणारा माणूस दवाखान्यांत ‘पुरुष’ म्हणून नोंदला गेला, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचें बोलावणें त्याला आपोआप येत नाहीं. अवयव देहांत आहे, कागदावर नाहीं!

अमेरिकेंत कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनीं अशा रुग्णांचा शोध कागदांतूनच घेतला. रोगनिदानाचे सांकेतिक आंकडे व डॉक्टरांच्या टिपणांतील शब्द यंत्राकरवीं चाळले, आणि मग टिपणें वाचून खात्री केली. त्यांतून २०१८ सालीं दिसून आलें कीं, स्त्री म्हणून जगण्यासाठीं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत शिरांत रक्त गोठण्याचा धोका अधिक असतो. हें कळलें म्हणून डॉक्टर सावध होऊं शकतो.

पण ही चाळण सदोष आहे. जो भीतीनें बोललाच नाहीं, किंवा पैशाअभावीं दवाखान्याची पायरीच चढला नाहीं, तो तींतून गळतो. म्हणजे गरीबच गळतो. शिवाय ते जुने आंकडे या माणसांना मनोरुग्णांत बसवीत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मंजूर केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या यादींत ही नोंद मनोविकारांतून काढली आहे. खरा मार्ग सरळ आहे: जन्माच्या वेळीं काय लिहिलें गेलें, आणि आज आपण स्वतःस काय समजतां, असे दोन प्रश्न मानानें विचारावे. उत्तर द्यावें कीं नाहीं, हें त्याच्या मर्जीवर.

मात्र नोंद झाली म्हणजे कल्याण झालें, असें समजूं नका. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें या लोकांचीं नांवें व ठिकाणें सरकारी वहींत चढवलीं, तीं औषधासाठीं नव्हे, पाळतीसाठीं. हें जुनें झालें म्हणाल, तर २०२३ सालीं अमेरिकेच्या टेनेसी राज्यांत व्हँडरबिल्ट रुग्णालयानें अशा रुग्णांचे कागद राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या मागणीवरून त्याच्या हवालीं केले. रुग्णानें डॉक्टरला सांगितलें, तें सरकारच्या टेबलावर गेलें!

म्हणून माझें मागणें एवढेंच: संशोधकास आंकडा द्या, नांव देऊं नका, दप्तराची किल्ली पोलिसाच्या हातीं जाऊं देऊं नका, आणि त्या वहीवर देखरेख करणाऱ्यांत तृतीयपंथी माणसांनाही बसवा. आपलें दप्तर दुसऱ्यानें लिहिलें म्हणजे काय होतें, हें आपल्याहून अधिक कोणास ठाऊक?