तीस वर्षांनी परतलेला स्वर

लोकगीताची साधी चाल घ्यावयाची आणि तिच्याभोवती स्वप्नात तरंगल्यासारखे, किंचित भोवंड आणणारे नाद गुंफावयाचे, या रीतीच्या संगीतास पाश्चात्त्य रसिक ‘सायकेडेलिक फोक’ म्हणतात. चालू शतकाच्या आरंभी देवेंद्र बॅनहार्ट, जोआना न्यूसम आदी तरुण अमेरिकन गायकांनी ते नव्याने गाजविले. (देवेंद्र हे नाव आपल्याकडचेच, ते त्याच्या आईबापांच्या भारतीय गुरूंनी सुचविलेले.)

परंतु हा झरा जुना आहे. १९६८ साली व्हॅश्टी बन्यन ही इंग्रज तरुणी घोडागाडीतून स्कॉटलंडमधील स्काय बेटाच्या वाटेस लागली. त्या प्रवासात सुचलेली गाणी तिने ‘जस्ट अनदर डायमंड डे’ या १९७० सालच्या ध्वनिमुद्रिकेत गायिली. स्वर इतका हलका की, शेजारच्या खोलीत कोणी पाळणा हालवीत गुणगुणत आहे असे वाटावे. रॉबिन विल्यमसनसारखा नाणावलेला वादक साथीस असूनही ती तबकडी खपली नाही, आणि बाईंनी गाणेच सोडले. बाजाराच्या उदासीनतेने एक गळा सुमारे तीस वर्षे मुका राहावा, ही हानी कोणत्या हिशेबात धरावयाची?

२००० साली तीच मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा कोठे तिला तिचे खरे श्रोते भेटले. बॅनहार्टने २००४ साली बाईंना आपल्यासोबत गावयास लावले. पुढल्याच वर्षी त्यांची दुसरी मुद्रिका ‘लुकआफ्टरिंग’ प्रसिद्ध झाली. तीत हार्पची साथ न्यूसमची आहे. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकाव्या. मधली पस्तीस वर्षे त्या गळ्यात फारशी सापडत नाहीत.