जाळी बारीक, माहिती विरळ
(टिटवाळा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)

सच्छिद्र थरातून पाणी दाबाच्या उताराच्या प्रमाणात वाहते, हा डार्सीने १८५६ साली मांडलेला झिरपण्याचा नियम. हा नियम संगणकावर सोडवण्याच्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत खडकावर कल्पनेने जाळी टाकतात आणि तिच्या प्रत्येक तुकड्यात किती पाणी आले, किती गेले, याचा हिशेब संगणक करतो. जाळी बारीक केली की हिशेबातली चूक घटते, खडकाविषयीचे अज्ञान मात्र तेवढेच राहते. काळू नदीकाठच्या या गावाखाली बेसाल्ट आहे. त्यात पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून वाहते. घट्ट पाषाणात ते जवळजवळ नसतेच. ती भेग कुठे आहे, हे समीकरण सांगत नाही.

याचा मोठा पुरावा कोयना धरणाच्या परिसरात आहे. धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयाचा दाब भेगांतल्या पाण्यातून खोलवर पोहोचतो आणि ताणाखालच्या खडकाला सरकू देतो, हे त्याचे मान्य स्पष्टीकरण. पण किती दिवसांत पोहोचतो? ढोबळ गणित असे: अंतराचा वर्ग भागिले विसरणांक, म्हणजे खडकातून दाब किती झपाट्याने पसरतो त्याचा आकडा. तीन किलोमीटर खोली आणि सेकंदाला एक चौरस मीटर विसरणांक धरला, तर साडेतीन महिने. विसरणांक दहापट कमी धरला, तर जवळजवळ तीन वर्षे. संगणक दोन्ही उत्तरे सारख्याच सफाईने देतो. म्हणूनच कोयना भागात गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडले गेले. वरचा बेसाल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी खडकापर्यंत पोहोचल्याखेरीज त्याच्याविषयी खात्रीने बोलता येणार नव्हते.

 सभागृहातून आलेला एक प्रश्न टाळणार नाही. ‘मोजणीच सर्वस्व असेल, तर संगणक कशाला?’ भोक नेमके कुठे पाडावे, कोणता अंदाज टिकत नाही, हे संगणकच सांगतो. त्याला मी कमी लेखत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो तीन किलोमीटरच्या भोकाला लागू आहे, इथल्या सोसायटीच्या बोअरवेलमध्ये पाणी मोजण्याला नाही. उपसा चालू असलेल्या एकट्या बोअरवरून खडकाची वहनक्षमता काढता येते; साठवणक्षमता भरवशाने काढायला शेजारच्या बोअरमधली पातळीही पाहावी लागते. याचा अर्थ, शेजाऱ्याच्या नोंदीशिवाय आपल्या पाण्याचा हिशेब अपुरा. प्रत्येक सोसायटीने पंप काही तास बंद ठेवून महिन्यातून एकदा पातळी मोजावी, वहीत तारखेसह लिहावी आणि त्या वह्या गावात एकत्र ठेवाव्यात. पाच पावसाळ्यांच्या अशा नोंदी हाती आल्या, तर साध्या जाळीचे गणितही टिटवाळ्याला उपयोगी पडेल; त्या नसतील, तर जगातला सर्वांत वेगवान संगणकही आपल्याला केवळ अंदाजच देईल.