मर्दनाचा परवाना आणि दृष्टिहीनांची उपजीविका



मालीश करणाऱ्याकडे सरकारी परवाना असावा, अशी अपेक्षा आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही. हात बसलेला असला, गिऱ्हाइकाला आराम पडला, की झाले! जपानात मात्र परवान्यावाचून मर्दनाचा व्यवसाय करता येत नाही. आणि त्या परवान्याशी अंधांच्या पोटापाण्याचा प्रश्न निगडित आहे.

'अन्मा' ही जपानची पारंपरिक मर्दनपद्धती शतकानुशतके मुख्यत्वे अंधांच्या हाती होती. बालपणीच दृष्टी गमावलेले सुगियामा वाइची (१६१०-१६९४) यांनी शोगुन त्सुनायोशी यांच्या आश्रयाने एदो, म्हणजे आजच्या तोकियो शहरात, अंधांना सूचिचिकित्सा व मर्दन शिकविण्याची व्यवस्था केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने अशा पारंपरिक उपचारांवर आक्षेप घेतला, तेव्हा अंध व्यावसायिक विरोधासाठी पुढे सरसावले. अखेर १९४७ साली स्वतंत्र कायदा झाला व व्यवसाय टिकला.

या कायद्यान्वये परवाना सहजासहजी मिळत नाही. माध्यमिक शिक्षणानंतर सामान्यतः तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, आरोग्यशास्त्र हे विषय त्यात येतात; कारण कोणत्या रुग्णाला हात लावू नये, हेही मर्दन करणाऱ्याला कळले पाहिजे. त्यानंतर परीक्षा. विनापरवाना व्यवसाय करणाऱ्यास ५ लक्ष येनपर्यंत दंड होऊ शकतो.

परवाना डोळसांनाही खुला आहे, आणि अडचण निर्माण झाली ती येथेच. डोळसांची संख्या वाढू लागली, तेव्हा १९६४ साली कायद्यात एक कलम घालण्यात आले. अंधांची उपजीविका कठीण होऊ नये म्हणून डोळसांसाठीच्या नव्या मर्दन-अभ्यासक्रमांना मान्यता नाकारण्याचा अधिकार शासनाला मिळाला. हे कलम 'तूर्त' म्हणून आले. सरकारी 'तूर्त' किती लांबते, हे कार्यालयात वावरणाऱ्यांना सांगावयास नको! मान्यता नाकारली गेलेली एक शिक्षणसंस्था व्यवसायस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर न्यायालयात गेली. परंतु ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेशी सुसंगत ठरविले. शेजारच्या दक्षिण कोरियात तर हा परवाना केवळ दृष्टिहीनांनाच मिळतो. तेथील घटना न्यायालयाने २००६ मध्ये ती तरतूद रद्द केली, अंधांनी तीव्र आंदोलन केले, संसदेने त्याच वर्षी कायदा केला आणि २००८ मध्ये त्याच न्यायालयाने तो उचलून धरला.

जपानचे हे कलम शाळांना रोखते, दुकानांना नव्हे. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले होते की, आरोग्यास अपाय होण्याचा संभव असेल तरच विनापरवाना उपचार दंडनीय मानावा. त्या निर्णयाच्या आडोशाने पुढे शहरोशहरी 'विश्रांती' देणारी दुकाने निघाली. तेथे अंग रगडून मिळते. फलकावर 'मर्दन' हा शब्द तेवढा टाळलेला असतो. तीन वर्षे अभ्यास करून परवाना मिळविलेल्या अंध व्यावसायिकाचे गिऱ्हाईक वाटेतच अशा दुकानात शिरते.